लोकलचे दार, ११० व्होल्टची तार आणि ३.३ व्होल्टचा मेंदू

९ जून २०२५च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा स्थानकांदरम्यानच्या वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडत असताना फुटबोर्डवर लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. किमान चार जणांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वे मंत्रालयाने लगोलग जाहीर केले की, मुंबईसाठी यापुढे तयार होणाऱ्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे असतील आणि सध्याच्या गाड्यांच्या दारांचीही फेररचना केली जाईल. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात या घोषणेवर जी चर्चा झाली ती मुख्यतः दोन गोष्टींची होती. बंद दारांच्या बिनवातानुकूलित डब्यात श्वास कसा घ्यायचा, आणि डोंबिवलीला सकाळी आठ वाजता दार बंद होणार तरी कसे? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडेही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, तेव्हा दाराचा विषय हा सार्वजनिक आरोग्याचाच विषय आहे.

या चर्चेत तिसरा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. दार बंद झाले आहे, हे गाडीला कळते कसे? आणि ‘बंद नाही’ असे कळल्यावर चाके फिरवणारी वीज अडवली कशी जाते? दार हवेच्या दाबाने सरको की मोटरने, अखेर ते बंद असल्याची खबर एका तारेतून जाते, संगणकापर्यंत पोहोचते आणि तिथून मोटरला वीज देणाऱ्या स्विचपर्यंत आज्ञा जाते. या वाटेवर विजेची पातळी चार-पाच वेळा बदलते. आणि जिथे पातळी बदलते तिथेच घोटाळ्याला जागा असते.

वाट अशी आहे. लोकलच्या डब्याडब्यांतून फिरणाऱ्या नियंत्रणाच्या तारा ११० व्होल्ट डीसीच्या असतात. हा पुरवठा गाडीतल्या बॅटरीचा. संगणकाच्या आतली चिप चालते ५ किंवा ३.३ व्होल्टवर. मोटरकडे वीज सोडणारे आयजीबीटी नावाचे स्विच ‘चालू’ व्हायला त्यांच्या गेट या टोकाला सुमारे १५ व्होल्ट लागतात, आणि नक्की ‘बंद’ राहायला शून्य नव्हे तर उणे काही व्होल्ट दिले जातात. हे स्विच स्वतः ज्या विजेची उघडझाप करतात ती हजार व्होल्टच्या वरची असते. आणि छपरावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट. म्हणजे ३.३ व्होल्टच्या एका होकाराने हजार व्होल्टच्या मोटरला चालवायचे. मधला दुभाषा म्हणजे गेट ड्रायव्हर.

आता ‘होकार’ म्हणजे किती व्होल्ट? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. डिजिटल यंत्रात फक्त ० आणि १ असतात असे शाळेत शिकवतात. तारेत मात्र ० किंवा १ नसतो, व्होल्ट असतात. अमुक व्होल्टच्या वर गेले की १ समजायचे आणि तमुकच्या खाली आले की ० समजायचे, असा तो करार असतो. १९६०च्या दशकात रुळलेल्या टीटीएल घराण्याच्या चिप ५ व्होल्टवर चालत. त्यांचा करार ठरलेला होता: ०.८च्या खाली ०, २च्या वर १. त्याच दशकाच्या शेवटी आरसीए कंपनीने सीमॉस घराण्याची ४००० मालिका आणली. तिचा पुरवठा ३ पासून १५ व्होल्टपर्यंत काहीही चालतो, पण तिचा करार पुरवठ्यासोबत सरकतो. पुरवठ्याच्या साधारण ३० टक्क्यांखाली ०, ७० टक्क्यांवर १.

इथे मेख आहे. अशी चिप १५ व्होल्टवर चालवली, तर ४ व्होल्टच्या खालचे सगळे ती ० मानते आणि ११ व्होल्टच्या वरचे सगळे १. तिला ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरने ठणकावून ‘१’ सांगितले तरी तिला ऐकू येते ‘०’. आणि ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरने ‘१’ सांगितले तर आणखी वाईट. ते ० ही नसते आणि १ ही नसते. मधल्या ओसाड पट्ट्यात चिपच्या आतले वरचे आणि खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात, चिप तापते, आणि शेजारच्या तारेतल्या गोंगाटाने उत्तर कधी इकडे, कधी तिकडे झुकते. साफ नापास होणारे यंत्र बरे, ते दुरुस्तीला तरी जाते. हे यंत्र टेबलावर पास होते.

गेट ड्रायव्हरच्या चिपमध्ये हा भेद कसा दडलेला असतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयआर २११०. कॅलिफोर्नियाच्या इंटरनॅशनल रेक्टिफायरची ही चिप (ही कंपनी २०१५च्या जानेवारीत जर्मनीच्या इन्फिनिऑनने घेतली) लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळते आणि ठाणे-कल्याण परिसरातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास दिसते. तिला पुरवठ्याच्या जागा तीन आहेत: खालच्या स्विचसाठी एक, वरच्या तरंगत्या स्विचसाठी एक आणि येणारा संकेत वाचण्यासाठी वेगळी एक. ही तिसरी, व्हीडीडी नावाची पिन, ३.३ पासून २० व्होल्टपर्यंत काहीही घेते आणि वाचनाची पातळी तिच्यावर ठरते. सर्किटमध्ये १५ व्होल्ट आहेतच, मग सगळ्या पिना त्यालाच जोडू, असे केले की ‘१’ साठी तब्बल ९.५ व्होल्ट लागतात. ती पिन मायक्रोकंट्रोलरच्याच पुरवठ्याला जोडली की काम झाले. एका तारेचा फरक. तिचीच धाकटी बहीण आयआर २१०४. तिला ही वेगळी पिन नाही. पुरवठा १० असो की २०, ती ३ व्होल्टना ‘१’ समजण्याची हमी देते. ३.३ व्होल्टच्या चिपला हे जमायला हवे, नाही का? जमते, पण जेमतेम. एका अतिशय लोकप्रिय ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरचे माहितीपत्रक ‘१’ साठी पुरवठ्याच्या ८० टक्क्यांचीच, म्हणजे २.६४ व्होल्टची हमी देते. प्रत्यक्षात तो बहुधा ३च्या वर देतो. ‘बहुधा’वर डिझाइन करायचे नसते, एवढाच मुद्दा.

मग गेटला कमी व्होल्ट मिळाले तर होते काय? बाजारात सर्रास मिळणारा आयआरएफझेड ४४एन हा मॉसफेट घेऊ. गेटला १० व्होल्ट मिळाले की त्याचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम. त्यातून २० अँपियर गेले तर ७ वॉट उष्णता. छोट्या हीटसिंकवर भागते. हाच मॉसफेट २ ते ४ व्होल्टदरम्यान ‘उघडू लागतो’ असेही कागदावर लिहिलेले असते, आणि तो आकडा वाचून अनेकांचा समज होतो की ४ व्होल्टना तो उघडला. तो फक्त किलकिला झालेला असतो; तो आकडा अँपियरच्या एका हजारांशाच्याही खालच्या प्रवाहाला मोजलेला असतो. अर्धवट उघड्या अवस्थेत त्याच्यावर ५ व्होल्ट अडकले आणि २० अँपियर वाहिले, तर १०० वॉट. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात चार सोल्डरिंग आयर्नची उष्णता. यंत्र पहिल्या मिनिटाला चालते आणि तिसऱ्या मिनिटाला धूर सोडते ते यामुळे. उलट टोकही आहेच: गेटच्या आतला काचेचा थर इतका पातळ असतो की २० व्होल्टच्या वर जाणे त्याला सोसत नाही. खाली आळस, वर मरण. मधल्या चार-पाच व्होल्टच्या पट्टीत सगळा संसार.

चांगले गेट ड्रायव्हर म्हणून एक शहाणपणा करतात. स्वतःचा पुरवठा ८-९ व्होल्टच्या खाली गेला की ते आज्ञा पाळण्याचेच नाकारतात. अर्धवट चालू करण्यापेक्षा बंद बरे.

लोकलमध्ये हा दुभाषा कसा काम करतो हे पाहणे रंजक आहे. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्यानंतरच्या जुन्या डीसी गाड्यांत वेग वाढवणे म्हणजे मोटरच्या वाटेतले लोखंडी रोधक एकेक करून काढून घेणे; निघतानाची बरीच वीज त्या रोधकांत तापून जाई. तिथे मेंदू आणि स्नायू यांच्यात दुभाषा लागतच नव्हता, सगळे काम यांत्रिक संपर्कांचे. सीमेन्सच्या यंत्रणेच्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या २००७च्या नोव्हेंबरपासून आधी पश्चिम रेल्वेवर आल्या आणि मग मध्य रेल्वेवर. त्यांच्यात आयजीबीटी आणि थ्री-फेज मोटर आल्या आणि ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडणे शक्य झाले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून डीसी जून २०१५मध्ये गेला, हार्बरवरून एप्रिल २०१६मध्ये. आज ठाणे स्थानकावर उभे राहून जो चढत जाणारा, गाणे म्हणल्यासारखा आवाज ऐकू येतो, तो याच स्विचांच्या उघडझापीचा.

अशा गाड्यांत संगणकाकडून गेट ड्रायव्हरपर्यंत आज्ञा सहसा तारेने जात नाही, प्रकाशाने जाते. ऑप्टिकल फायबरच्या एका टोकाला दिवा लागतो, दुसऱ्या टोकाला तो पाहिला जातो आणि तिथल्या स्थानिक पुरवठ्यावर, तिथल्याच पातळीचा संकेत नव्याने तयार होतो. प्रकाशाला व्होल्ट नसतात. त्यामुळे ३.३ आणि १५ चा करार जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही आणि हजार व्होल्टची बाजू संगणकाला शिवत नाही. दिवा विझला, फायबर तुटले, कार्ड मेले, तर उत्तर एकच: बंद. शिवाय ड्रायव्हर उलट्या वाटेने प्रकाशाचीच पोच देतो. आज्ञा मिळाली, स्विच लागला. हे महागडे आहे, पण रेल्वेने ते नीट केले आहे.

दारांच्या खबरीचे मात्र तसे नाही. ती ११० व्होल्टच्या तारेने येते आणि तिथे ‘१’ म्हणजे काय हे ठरवणे अवघड आहे. रेल्वेच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की बॅटरीचा पुरवठा नाममात्र आकड्याच्या ०.७ ते १.२५ पट इतका हलेल असे धरूनच उपकरण बांधा. ११०साठी हे झाले ७७ ते १३७.५ व्होल्ट. म्हणजे बॅटरी उतरलेली असताना ७७ व्होल्टना ‘दार बंद’ वाचले गेले पाहिजे. दुसरीकडे, बारा डब्यांतून गेलेल्या लांब तारेत शेजारच्या तारांमुळे उगाचच काही व्होल्ट उमटतात. जोडणीच्या खोक्यात जुलैतले पाणी शिरले की एका पिनेतून दुसऱ्या पिनेत गळती होते. हे भुताटकीचे व्होल्ट ‘दार बंद’ म्हणून वाचले गेले, तर उघड्या दाराने गाडी सुटेल. म्हणून वाचनाची रेघ नेमकी कुठे ओढायची याला महत्त्व आहे. वर ओढली तर पहाटे कसाऱ्याच्या यार्डातून निघालेली गाडी उतरलेल्या बॅटरीमुळे ‘दार उघडे’ असे ओरडत आसनगावला उभी राहील. खाली ओढली तर ओल्या कनेक्टरवर भरवसा ठेवावा लागेल.

याला जुना, साधा उपाय आहे. सगळ्या दारांचे संपर्क एकामागोमाग एका माळेत गुंफायचे. वीज पूर्ण माळ फिरून परत आली तरच ‘सगळी बंद’. तार कुठेही तुटली तर उत्तर ‘उघडे’. शिवाय वाचणाऱ्या टोकाने नुसते व्होल्ट न पाहता थोडा प्रवाहही ओढायचा. भुताटकीच्या व्होल्टना प्रवाह देता येत नाही, ते लगेच गळून पडतात. वातानुकूलित लोकलमध्ये दारे मिटल्याशिवाय गाडी हलत नाही हे प्रवाशांना ठाऊक आहे. दारात अडकलेली बॅग आणि त्यावरून होणारी भांडणे हा मध्य रेल्वेवरचा रोजचा कार्यक्रम आहे. त्या गाड्या मुळातच दारांसकट बांधलेल्या आहेत. जुन्या साध्या गाड्यांची फेररचना मात्र वेगळी गोष्ट. तिथे नवी, कमी व्होल्टची दार-नियंत्रणे जुन्या ११० व्होल्टच्या तारांना जोडावी लागतील, आणि कदाचित वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वर्षांत. जुन्या आणि नव्याचा सांधा हीच गेट ड्रायव्हरच्या व्हीडीडी पिनेची गोष्ट, फक्त मोठ्या अक्षरांत.

लहान अक्षरांतली गोष्ट कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत आहे. २००५च्या आगेमागे भारनियमनाच्या काळात या भागात बॅटरीवरचे इन्व्हर्टर घरोघरी आले. त्यांत बहुधा एसजी ३५२५ किंवा तिच्या जातीची चिप असे. ती बॅटरीच्याच १२ व्होल्टवर चालत असे आणि १२ व्होल्टनेच मॉसफेटचे गेट ढकलत असे. सगळीकडे एकच व्होल्टेज, पातळी जुळवण्याचा प्रश्न नाही. स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीच्या टेबलांवर एक पिढी या यंत्रांवर तयार झाली, आणि ती तरबेज होती. आजच्या साइन-वेव्ह इन्व्हर्टरमध्ये मेंदू ५ किंवा ३.३ व्होल्टचा, मध्ये गेट ड्रायव्हर, त्यापुढे स्विच. चीनहून येणाऱ्या तयार बोर्डांत ईजी ८०१० ही ५ व्होल्टची चिप आणि आयआर २११०च्या दोन चिपा, हे ठरलेले जोडपे आहे. जळालेला ड्रायव्हर काढून ‘सेम पिन आहेत’ म्हणून दुसरा बसवला, आणि त्याचा वाचनाचा करार वेगळा निघाला, तर इन्व्हर्टर दुकानात दिवा पेटवतो आणि घरी पंखा व फ्रिज लागले की मरतो. दोष कारागिराच्या हाताचा नसतो. त्याच्याकडे सर्किटचा कागद नसतो.

चिपचे व्होल्ट खाली का आले यालाही कारण आहे. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, त्यांच्या आतले थर पातळ झाले आणि ५ व्होल्ट त्यांना सोसेनात. शिवाय उघडझापीची ऊर्जा व्होल्टच्या वर्गाप्रमाणे कमी होते, ५वरून ३.३ वर आले की ती निम्म्याहून कमी. मोबाइलची बॅटरी दिवसभर टिकते ती यामुळेही. पण ताकदीच्या बाजूचे स्विच मात्र जागचे हलले नाहीत. सिलिकॉनचे १५ वर आहेत, आणि विजेच्या वाहनांत येऊ लागलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचांना तर बहुधा त्याहून चार-पाच व्होल्ट जास्तच लागतात. मेंदू खाली चालला आहे, स्नायू वर. मधली दरी दर पिढीला रुंदावते.

२०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छपरी संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ठाण्यातल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर इन्व्हर्टर वाढत आहेत. ठाणे परिवहनच्या ताफ्यात विजेच्या बस आहेत, रिक्षा येत आहेत. प्रत्येकात डझनभर गेट ड्रायव्हर. दुसरीकडे, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती दिवसांत आणि कितीला मिळतात, दुरुस्तीची माहिती मिळते का, यावर गुण द्यायचे, ही कल्पना उत्तम आहे. पण तिचा भर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सवर आहे. छपरावरच्या इन्व्हर्टरला किंवा रिक्षाच्या कंट्रोलरला ती कधी लागू होणार, हा खरा प्रश्न आहे. मोबाइल बिघडला तर फोन लागत नाही. कंट्रोलर बिघडला तर बारवी धरणाच्या रस्त्यावर चढावर रिक्षा थांबते, किंवा पेट घेते. उत्पादकांना संपूर्ण सर्किट उघड करायचे नसेल तर समजण्यासारखे आहे. पण कुठल्या पिनेला कुठला पुरवठा आणि ‘१’ साठी किती व्होल्ट, ही अर्ध्या पानाची माहिती गुपित ठेवून कोणाचा फायदा होतो, हे सांगणे कठीण आहे. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. त्यातल्या मुलांना मल्टिमीटरसोबत ऑसिलोस्कोप हाती मिळतो का, हेही पाहायला हवे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. गेट अर्धवट उघडतो आहे हे सरासरीत दिसत नाही.

दारांकडे परत. फेररचना केलेली साधी लोकल रुळांवर आणताना प्रवाशांच्या संघटना गर्दीचा आणि हवेचा हिशेब मागतील. तो मागायलाच हवा. त्याच बैठकीत त्यांनी आणखी तीन आकडे मागावेत: दार-संकेताची तार किती व्होल्टना ‘बंद’ वाचते, किती व्होल्टना ‘उघडे’, आणि मधल्या पट्ट्यात काय होते. शिवाय चाचणीचा महिना. कळव्याच्या किंवा कुर्ल्याच्या कारशेडमध्ये जानेवारीच्या कोरड्या दुपारी, भरलेल्या बॅटरीवर, रिकाम्या गाडीत ही माळ शंभर वेळा अचूक वाचली जाईल. ती जुलैत वाचून पाहावी: बॅटरी ७७ व्होल्टवर उतरवून, डब्यांमधले कनेक्टर ओले करून, आणि एक दार मुद्दाम चार बोटे उघडे ठेवून.